खाडीकाठच्या प्राण्यांचं यमकातलं चित्रपुस्तक (वय २ ते ५) : मात्रा, चित्रं, पानं, छपाई

खारीचा_वाटा

नमस्कार मंडळी. ठाणे-ऐरोलीच्या खाडीकाठच्या प्राण्यांवर लहान मुलांसाठी गमतीदार, यमकातलं चित्रपुस्तक करायचं चाललं आहे. वय साधारण २ ते ५, मोठ्यांनी मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं. कोलशेत आणि घणसोलीच्या चार-पाच बालवाचनालयांना द्यायच्या म्हणून ३०० प्रती. २४ पानं, रंगीत. खेकडा आडवा चालतो म्हणून पुस्तकही आडवं असावं असं मनात आहे.

कच्चा मजकूर असा (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) :

रोहित पक्षी खूपच छान,
त्याची आहे लांब मान.
चिखलात तो शोधतो खाणे,
ऐकून त्याचे गोड गाणे.

दुसरं कडवं त्यातल्या त्यात जमलेलं वाटतं :

बगळा म्हणतो, चालव गाडी,
म्हैस डुंबली, आली खाडी!

अडचण अशी की पहिलं कडवं मोठ्याने वाचताना अडखळायला होतं, आणि हसू येत नाही ते वेगळंच. कुठे चुकतंय? शब्द, चित्र, छपाई, कशाबद्दलही मोकळेपणाने लिहा.

मात्रामापी

अडखळणं मोजता येतं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर त्याच्याही दोन. तुमच्या ओळी मोजू :

रोहित पक्षी खूपच छान = १५
त्याची आहे लांब मान = १४
चिखलात तो शोधतो खाणे = १६
ऐकून त्याचे गोड गाणे = १६

ओळीच्या शेवटी आपण थांबतोच, त्यामुळे 'छान'मधला न तिथे दोन मात्रांचा धरता येतो आणि पहिली ओळ १६ होते. दुसरी मात्र तसं करूनही १५वरच राहते. वाचणारी व्यक्ती 'लांब'पाशी पाय घसरल्यासारखी थांबते, ती ही एक मात्रा. दुसरं म्हणजे मात्रांची बेरीज जुळली तरी आवर्तन जुळायला हवं. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे (छंदशास्त्रात याला पद्मावर्तन म्हणतात) मांडीवरच्या वाचनाला सगळ्यांत सोपे, कारण टाळी आपोआप पडते. तुमची तिसरी ओळ 'चिखलात तो शो-धतो खाणे' अशी शब्दाच्या मधोमध तुटते. १६ आहेत, पण आठवी मात्रा 'शो'च्या पोटात जाते.

'बगळा म्हणतो | चालव गाडी' हे मात्र ८ + ८ स्वच्छ आहे. म्हणून ते तुम्हाला जमलेलं वाटतंय.

हसू न येण्याचं कारण वेगळं. 'छान' हा शब्द 'मान'साठी आणलाय आणि 'गाणे' हा 'खाणे'साठी. म्हणजे यमक पुढे आणि प्राणी त्याच्या मागे फरफटत. प्राण्याची खरी खोड आधी धरा, यमक तिच्यातून काढा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे निष्काळजीपणे लिहिलं की सगळी यमकं 'करतो-धरतो, गेला-आला' अशीच होतात. चार पानांत कान किटतो. एका ओळीच्या शेवटी क्रियापद असेल तर दुसरीच्या शेवटी नाम, विभक्ती किंवा हाक आणून बघा.

कांदळवन_ऐरोली

रोहित गोड गात नाही हो! त्याचा आवाज बदकाहंसासारखा कर्कश, 'गँक गँक' असा. थव्याने असले की कोलाहल असतो. ते कडवं बदलाच.

खोड हवी तर त्याच्या जेवणापेक्षा मोठी खोड नाही. रोहित डोकं पूर्ण उलटं करून जेवतो. मान खाली, चोचीचा वरचा भाग तळाकडे, आणि जाडजूड जिभेने पाणी आत-बाहेर करत गाळून शेवाळ आणि बारीक जीव खातो. चोच मधेच वाकडी असते ती याचसाठी. गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो, पिल्लं राखाडी असतात.

दुसरं, म्हैस खाडीत डुंबत नाही. भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात ती कशाला जाईल? तिला गोड्या पाण्याचं डबकं लागतं. इथेही 'गाडी'ने 'खाडी' ओढून आणली आहे. बगळा मात्र बरोबर. तो गायबगळा, म्हशीच्या चालण्याने गवतातले किडे उडतात ते टिपायला तो तिच्या पाठीवर आणि पायांशी असतो. विणीच्या काळात त्याचं डोकं-मान नारिंगी होते, चित्राला उपयोग होईल.

चित्र काढणाऱ्यांनी पक्षी बघायचे तर भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत, कारण खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की थवे तिकडे येऊन उभे राहतात. ओहोटीला ते खाडीत चरायला परततात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटही सुटते, तिची वेळ भरतीवर ठरते. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. हे मागच्या मुखपृष्ठावर मोठ्यांसाठी दोन ओळींत टाकता येईल.

मात्रामापी

@कांदळवन, हे डोकं उलटं करून जेवणं म्हणजे सोनं आहे. आता यमक बघा कसं आपणहून येतं :

लांब पाय अन् | लांबच मान,
जेवण वाढा, | उलटं पान!

८ + ७, ८ + ७, आणि शेवटच्या थांब्याची एक. जेवणाचं पान आणि पुस्तकाचं पान, दोन्ही उलटी. म्हणजे ते पान खरोखरच उलटं छापायचं! मुलाने पुस्तक गर्रकन फिरवायचं.

पहिल्यांदा 'जेवायाला उलटं पान' सुचलं होतं, मात्रा तिथेही बरोबर. पण 'जेवायाला' कुणी बोलत नाही. दमलेले बाबा रात्री साडेनऊला 'जेवायला'च म्हणणार आणि एक मात्रा गळणार. कागदावर बसवलेली मात्रा तोंडात टिकली पाहिजे.

गोष्टीची_चटई

'उलटं पान' फार आवडलं. आता त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हातातून घालवू नका : यमकाचा शेवटचा शब्द पान उलटल्यावर आला पाहिजे.

लांब पाय अन् लांबच मान,
जेवण वाढा, उलटं …

इथे उजव्या हाताचं पान संपतं. वाचणारा थांबतो, पान धरतो, मुलाकडे बघतो. कानात 'मान' घुमत असतो. तिसऱ्या वाचनाला मूल स्वतः 'पान!' ओरडतं. चित्रपुस्तकातलं हसू याच अर्ध्या सेकंदात असतं. दोन्ही ओळी एकाच पानावर छापल्या तर डोळ्यांना उत्तर आधीच दिसतं. वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्र दिसतं, म्हणून चित्रही पलीकडेच लपवायचं.

याचा अर्थ असा की प्रश्न विषम आकड्याच्या पानावर संपेल आणि उत्तर सम आकड्याच्या पानावर सुरू होईल. उलट झालं तर दोन्ही समोरासमोर येतात आणि सगळा डाव फुकट. हे मजकूर लिहितानाच ठरवावं लागतं. चित्रं झाल्यावर एक पान सरकवायचं ठरलं की पुढचं सगळं सरकतं.

वाचून बघायची रीत : मजकूर ज्यांनी कधी पाहिला नाही अशा तिघांना द्या, आधी मनात वाचू देऊ नका, थेट मोठ्याने. तुम्ही दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल घेऊन बसा. जिथे ते थांबले, मागे आले किंवा शब्द बदलला तिथे खूण. त्यांना सुधारायचं नाही, 'असं म्हणा' म्हणायचं नाही. दोघांची खूण एकाच जागी आली की ती ओळ बदला. तिघांतले एक आजी-आजोबा असावेत, त्यांचा वेग वेगळा असतो.

वयाचंही थोडं. दोन ते पाच हा पट्टा एका पुस्तकाला रुंद आहे. दोन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची १०-१६ पानं लागतात, कारण पातळ पान ते चुरगळतं आणि चाखतं. २४ पानांच्या कागदी पुस्तकासाठी ३ ते ५ धरा.

खारीचा_वाटा

खूप आभार! ३ ते ५ ठरलं. या पद्धतीने खेकड्याचं लिहून पाहिलं :

सरळ निघाला बाजाराला,
तिरका तिरका … (पान) … घरीच आला!

आणि हा खेकडा पुस्तकभर प्रत्येक चित्रात तिरका घुसत जाईल, शेवटी एकदाचा बाजारात पोचेल. चालेल का? २४ पानांत हे कसं बसवायचं?

मात्रामापी

चालेल काय, पळेल! 'सरळ निघाला | बाजाराला | तिरका तिरका | घरीच आला' चारही तुकडे आठाचे. 'बाजाराला'तली विभक्ती आणि 'आला' हे क्रियापद, म्हणून 'ला-ला' असूनही कंटाळवाणं होत नाही.

सेंटरपिन

पानांचा हिशेब घ्या. सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तकात पानं चारच्या पटीतच, २४ म्हणजे ६ कागद मधोमध दुमडून.

पान १ : नाव
२-३ : खेकडा निघतो, ४-५ : घरीच आला
६-७ : दुसरा प्राणी, ८-९ : त्याचं उत्तर
१०-११ : रोहित, १२-१३ : उलटं पान
१४-१५ : चौथा, १६-१७ : उत्तर
१८-१९ : पाचवा, २०-२१ : उत्तर
२२-२३ : खेकडा परत, २४ : शेवट

प्रकाशनाची माहिती, हक्क, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पुढच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला न्या, आतलं पान वाया घालवू नका. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, पण अर्ज छपाईच्या बराच आधी करा. बारकोड लागतो आणि मागचं मुखपृष्ठ त्यासाठी अडून राहतं.

रोहित १२-१३ वर का? कारण पूर्ण पुस्तकात आतली समोरासमोरची एवढीच दोन पानं एका अखंड कागदावर असतात. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदावर, उजवं दुसऱ्यावर. दुमडताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. लांब मान, सरळ क्षितिज, तिरकी रेघ अशा गोष्टी घडीवरून न्यायच्या असतील तर १२-१३ वरच. इतर जोडपानांवर डोळे, चेहरा आणि अक्षर घडीपासून किमान १५ मिमी लांब ठेवा.

आधी घरी नमुना करा. ए-फोरचे ६ कागद दुमडा, मधे दोन पिना, मग पानांवर १ ते २४ आकडे घाला. पिना काढून कागद सुटा केलात की बाहेरच्या कागदावर २४ आणि १ शेजारी दिसतील, सगळ्यांत आतल्या कागदावर १४ आणि ११, पाठीमागे १२ आणि १३. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी २५. हा नमुना हातात असल्याशिवाय चित्रकाराला सुरुवात करायला सांगू नका.

आता आडव्या आकाराबद्दल. ३०० प्रती म्हणजे डिजिटल छपाई. ऑफसेटला प्रत्येक फॉर्मच्या (एका वेळी छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाच्या) चार प्लेटा आणि रंग जुळेपर्यंत जाणारे कागद यांचा खर्च सुरुवातीलाच येतो, तो ३०० प्रतींवर वाटला तर परवडत नाही. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे एमआयडीसीत दर विचाराल तेव्हा ३०० आणि १००० दोन्ही आकड्यांचे घ्या, फरक लगेच कळेल.

डिजिटल मशीनचा कागद बहुधा १२ × १८ किंवा १३ × १९ इंच. आडवं पान ९.५ × ७.२५ धरलंत तर उघडल्यावर रुंदी १९ इंच होते. कापायला ब्लीड (कडेबाहेर जादा छापलेली पट्टी) कुठून आणणार? बसतच नाही. ८.५ × ८.५ चौरस घ्या. उघडल्यावर १७ × ८.५, ब्लीडसकट दोन्ही कागदांत बसतं, आणि खेकड्याला चालायला सतरा इंच मिळतात. पुढे १००० प्रती ऑफसेटवर करायच्या झाल्या तर २० × ३० च्या कागदावर क्राउन आकार आडवा छान निघतो, तेव्हा आडव्याचा विचार करा.

आत १७० जीएसएम (कागदाचं वजन) मॅट आर्ट, मुखपृष्ठ ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. चकचकीत आर्ट नको, रात्री दिव्याखाली वाचताना उजेड परावर्तित होतो. कागदाचा धागा (तंतूंची दिशा) घडीला समांतर पाहिजे, हे प्रेसला लिहून द्या. आडवा धागा आला की पानं लाटेसारखी वर उठतात आणि डिजिटलची शाई घडीवर तडकते. गडद रंग घडीवर असेल तर दुमडण्याआधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच) मागा. कोपरे गोल. पिनेची टोकं आत पूर्ण मिटलेली आहेत का ते गठ्ठ्यातल्या चार-सहा प्रती उघडून बोटाने तपासा.

रंगपेटी

चित्रकाराच्या बाजूने लिहिते.

खेकडा पुस्तकभर येणार, म्हणून त्याचा आधी एक तक्ता करा : समोरून, मागून, दमलेला, घाबरलेला, पिशवीसह. पाय आठ आणि नांग्या दोन. बऱ्याच बालपुस्तकांत सहाच पाय असतात, आणि चार वर्षांची मुलं मोजतात! इथल्या चिखलात नराची एक नांगी भलीमोठी आणि दुसरी चिमुकली असलेला खेकडा असतो, तोच घ्या. मोठ्या नांगीत बाजाराची पिशवी, काय शोभेल! पण एक सांभाळा. वेळ वाचवायला संगणकावर चित्र आरशासारखं फिरवलं की मोठी नांगी उजवीकडून डावीकडे जाते. पान ७ वर उजवी आणि ९ वर डावी. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मुलं मात्र बरोबर बोट ठेवतात.

रोहितचा 'मागे वाकणारा गुडघा' हा गुडघा नसतो, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. पायाच्या मधोमध सांधा काढा आणि तो मागेच वळू द्या. धाकटा रोहित आणि मोठा रोहित या दोन जाती : धाकट्याची चोच गडद, मोठ्याची गुलाबी आणि टोक काळं. एकच जात घ्या, मिसळू नका.

गुलाबी रंग पडद्यावर पेटल्यासारखा दिसतो आणि छापल्यावर मळतो. छपाईच्या चार रंगांत तो गुलाबी नसतोच. म्हणून सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (किरमिजी), पिवळा आणि काळा या छपाईच्या चार रंगांत काम करा. मॅजेंटा ४०-४५ टक्के, पिवळा १०-१५, सायन आणि काळा शून्य. सायनचा थेंब पडला की गुलाबीचा जांभळट-करडा होतो. सावली करायला काळा घालू नका, मॅजेंटा वाढवा.

आणि 'कोल्हा' घेणार असाल तर कृपा करून नारिंगी, पांढऱ्या शेपटीच्या टोकाचा विलायती प्राणी काढू नका. नवी मुंबईच्या कांदळवनात आहे तो सोनेरी कोल्हा, मातकट-करडा, शेपटीचं टोक काळसर. आपल्याकडच्या छोट्या, झुपकेदार शेपटीच्या प्राण्याला खोकड म्हणतात, तो वेगळा.

मात्रामापी

@रंगपेटी ताईंनी कोल्ह्याचं नाव काढलं आणि हे सुचलं. १४-१५ वर :

दिवा मालवा, | गप्प बसा रे,
कोल्हा गातो … | (पान) सा रे सा रे!

निवटी या चिखलातल्या माशासाठी ६-७ वर :

निवटी बाई, निवटी बाई,
पाण्यात तुला … (पान) करमत नाही!

आणि म्हशीची दुरुस्ती :

डबकं आलं, उतरा खाली!
गाडीची मग … (पान) होडी झाली!

खाडीही गेली आणि डबकंही आलं. १८-१९ वर बगळा म्हशीच्या पाठीवर कंडक्टरच्या ऐटीत, २०-२१ वर म्हशीचं फक्त नाक, शिंगं आणि पाठ पाण्यावर, बगळा तसाच उभा.

मोजणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट : 'बगळ्या', 'तळ्यात' यांतल्या ळ्या-चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, तिथे मागचं अक्षर एकाच मात्रेचं. पण 'गप्प'मधला ग दोन मात्रांचाच. शंका आली की ते अक्षर ताणून म्हणून बघा, जीभ सांगते.

कांदळवन_ऐरोली

निवटीचं अगदी खरं आहे. ती मासाच, पण ओहोटीला चिखलावर पुढच्या परांवर रांगते आणि शेपटी वाकवून उडी मारते. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून श्वास घेता येतो, म्हणून मधूनमधून डबक्यात लोळून येते. डोळे डोक्याच्या वर बसवलेले आणि ते खोबणीत आत ओढून घेते, तीच तिची पापणी मिटणं. ८-९ वर एक डोळा आत, एक बाहेर असं काढा, मुलं डोळा मारल्यासारखं समजतील.

गोष्टीची_चटई

'सा रे सा रे' वाचताना वाचणारा आपोआप सूर लावणार, हे फार मोठं आहे.

'बाई-नाही'बद्दल मात्र शंका. आई-आही हे पूर्ण यमक नाही ना?

मात्रामापी

लिहिताना नाही, बोलताना आहे. 'करमत नाही' घाईत 'करमत नाई'च होतं आणि हे पुस्तक कानासाठी आहे. पण असं सैल यमक एका पुस्तकात एकदाच घ्या. दुसऱ्यांदा घेतलं की मूल पुढचा शब्द ओळखण्याचा नाद सोडतं, त्याला भरवसा राहत नाही. आणि इथे पानापलीकडचा शब्द 'करमत'पासून सुरू होतोय, म्हणजे एक शब्द नाही तर पूर्ण तुकडा ओरडायचा आहे. तिघांच्या वाचनात तो तुकडा कुणी ओळखला नाही तर मी बदलायला तयार आहे.

रंगपेटी

मला वाटतं ठेवावं. 'करमत नाही' हा शब्द मुलांच्या पुस्तकांत हल्ली दिसतच नाही, त्यासाठीच ठेवावं.

खारीचा_वाटा

ठेवतो. १६-१७ पूर्ण रात्रीचं आहे, त्यावर 'सा रे सा रे' पांढऱ्या अक्षरांत चालेल ना? आणि उलटं पान प्रेसला कसं द्यायचं?

सेंटरपिन

पांढरी अक्षरं काळ्यावर देताना तीन काळज्या. एक, रात्र करायला चारही रंग १०० टक्के लावू नका. शाईचा थर जाड होऊन समोरच्या पानाला लागतो. काळा १००, सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० म्हणजे एकूण २४०, भरपूर गडद दिसतं. दोन, अक्षर ठळक वजनाचं आणि २८ पॉइंटच्या वर. बारीक शिरोरेघ आणि मात्रा-अनुस्वारांत आजूबाजूची शाई शिरते, 'रे'ची मात्रा गायब होऊन 'सा र' उरतं. तीन, शक्य असेल तर तिथे चंद्राचा फिकट गोळा काढा आणि त्यावर काळी अक्षरं घाला. हे सगळ्यांत निर्धोक. फिकट जागेवरची काळी अक्षरं मात्र नुसत्या काळ्या शाईची, चार रंगांची नकोत. रंग जरा सरकला तरी अक्षराला रंगीत कडा दिसते.

फॉन्ट : मुंबईच्या एक टाइपचे बालू किंवा मुक्ता, दोन्ही मुक्त परवान्याचे. २४ पॉइंट, ओळींत मोकळी जागा. लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, बालवाडीत मुलं तीच गिरवतात. फॉन्टात ती रूपं आहेत का हे 'लाल शाल' टाइप करून आधीच बघा. पीडीएफ उघडून जोडाक्षरं पुन्हा वाचा, विशेषतः 'डबक्यात', 'म्हैस', 'गप्प'.

उलटं पान : १२ आणि १३ हे एकच चित्र धरून एकत्र १८० अंशांत फिरवा. एकेक पान वेगळं फिरवलंत तर पुस्तक उलटं धरल्यावर १३ वरचं चित्र डावीकडे येईल आणि मान घडीपाशी तुटेल. मजकूरही चित्रासोबत फिरेल, म्हणजे आधी डावीकडे लिहिलेलं पुस्तक फिरवल्यावर पुन्हा डावीकडेच दिसेल.

आणि प्रेसला तोंडी सांगून भागत नाही. तिथले लोक सवयीने, चांगल्या हेतूने, उलटं पान सरळ करून टाकतात. फाइलच्या नावातच घाला : 'पान_१२_१३_मुद्दाम_उलटं'. ऑर्डरच्या कागदावर लिहा, आणि हाताने केलेला नमुना सोबत द्या. पहिली प्रत हातात घेऊन पाहिल्याशिवाय उरलेल्या २९९ ना होकार देऊ नका.

गोष्टीची_चटई

एक राहिलं. पुस्तक फिरवून १२-१३ वाचल्यावर मूल तसंच उलटं धरून पुढचं पान उलटणार, आणि ते १०-११ कडे परत जाईल. तिथे खेकडा कामाला लावा. उलट्या चित्रात सगळं उलटं, फक्त खेकडा सरळ. त्याचा चेहरा नीट बघायला मूल पुस्तक आपोआप परत फिरवतं.

रंगपेटी

वा! म्हणजे फिरवलेल्या चित्रात खेकडा फिरवायचा नाही. तो वेगळ्या थरावर ठेवते. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पान धरून उलटतात तिथेच.

खारीचा_वाटा

२२ ते २४ साठी हे लिहिलंय, मात्रा बघाल का?

(२२) तोंड वळवलं जरा कडेला,
(२३) तिरका तिरका …
(२४) सरळच गेला!

खेकड्याच्या पायांचे सांधे बाजूलाच वाकतात म्हणून तो आडवा चालतो. मग त्याने तोंडच बाजूला केलं तर तिरका चालूनही बाजाराला सरळ जाईल ना?

मात्रामापी

तोंड वळवलं ८, जरा कडेला ८, तिरका तिरका ८, सरळच गेला ८. कडेला-गेला यमक पूर्ण. एक अक्षर बदलू नका.

रंगपेटी

मग २४ वर त्याला पाठमोरा किंवा समोरून काढायचा नाही. कडेने. बाजार उजव्या हाताला, मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. त्याचे डोळे मात्र आपल्याकडे.

सेंटरपिन

त्यासाठी मुखपृष्ठाची आतली बाजूही रंगीत छापावी लागेल. दर विचारताना 'मुखपृष्ठ दोन्ही बाजूंनी चार रंग' असं लिहा, नाहीतर ते एकाच बाजूचा दर देतील. २४ वं पान १७० जीएसएमवर आणि बाजार ३०० जीएसएमवर येतोय, कागद वेगळा म्हणून रंगात थोडा फरक दिसेल. आभाळ घडीपाशी संपवा आणि बाजाराच्या बाजूला भिंत किंवा ताडपत्री काढा, म्हणजे तो फरक कळणार नाही.

रंगपेटी

निळी ताडपत्री. खाली कोथिंबिरीच्या जुड्या, आणि पिशवी उघडी धरलेली मोठी नांगी. उजवीच.